भाईंच्या प्रोस्टेटचा एकच भाग गोठवायचा म्हणतात. करावं का?

कुळागर | १६ जून, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचतो, लिहितो क्वचितच. आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना भाई म्हणतो, वय ६७. फोंडा तालुक्यात आमचं छोटं कुळागर आहे. पोफळी, माड, मिरवेली, थोडी केळ. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. मार्चमध्ये रात्री चार-चार वेळा लघवीला उठायला लागले म्हणून रक्त तपासलं, तर पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन) ७.४. महिन्याने पुन्हा केलं, ७.१. एमआरआयमध्ये प्रोस्टेटच्या डाव्या बाजूला ११ मिलिमीटरचा डाग, पाय-रॅड्स ४, म्हणजे कॅन्सरचा संशय बराच. मे महिन्यात बायोप्सी झाली. कॅन्सर आहे. रिपोर्टात 'ग्लीसन ७' एवढंच लिहिलंय. पेट स्कॅनमध्ये बाहेर कुठे काही नाही.

पणजीतल्या एका सर्जननी रोबोटने ग्रंथी काढून टाकू म्हटलं. दुसऱ्या डॉक्टरांनी रेडिएशन सुचवलं, २० वेळा. मग मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिसरंच सांगितलं: फोकल क्रायोथेरपी. म्हणजे सुया घालून डावीकडचा तेवढा भाग गोठवायचा, उजवीकडे हात लावायचा नाही. तिथल्या मदतकक्षातल्या बाई फोनवर म्हणाल्या, एक रात्र राहायचं, दुसऱ्या दिवशी घरी, काही त्रास नाही. इतकं सोपं करून सांगितलं की मला भीतीच वाटली.

कुणी केलंय का? कुणाच्या घरी झालंय का?

---

तांबडी_माती | १६ जून, रात्री १०.५१

कुळागर, मी स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. काढून टाका. माझे थोरले काका पाठ दुखते म्हणून सहा महिने तेल चोळून घेत राहिले. शेवटी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेलं तेव्हा पीएसए ३०० च्या वर आणि मणक्यात पसरलेलं. दीड वर्षात गेले. कॅन्सर सापडला असताना अर्धी ग्रंथी आत ठेवायची, हे मला पटूच शकत नाही.

---

पोदेर | १६ जून, रात्री ११.०५

वाचतोय. भाईंना लवकर बरं वाटो. देव बरें करूं.

---

सूक्ष्मदर्शी | १७ जून, सकाळी ७.१५

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. उपचाराचं नंतर बोलू. आधी मला एकच सांगा: कुठला ७?

ग्लीसन म्हणजे अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांची पद्धत, १९६६ पासूनची. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या रचनेला अंक देतात. सगळ्यात जास्त दिसणाऱ्या रचनेचा अंक आधी, दुसरा त्यानंतर. ३+४ म्हणजे बहुतांश रचना अजून बऱ्यापैकी शिस्तीत आहे, थोडी बिघडली आहे. ४+३ म्हणजे बहुतांश बिघडली आहे. बेरीज दोन्हींची ७ च, पण रुग्ण वेगळे. म्हणून तर आता सोबत १ ते ५ असे गट लिहितात. ३+४ दुसऱ्या गटात, ४+३ तिसऱ्या. नुसता '७' लिहून रिपोर्ट हातात देणं हे आमच्या व्यवसायातलं अर्धवट काम आहे आणि मला ते वाचून वाईट वाटलं.

लॅबमध्ये जा आणि स्लाइड्स व मेणाचे ठोकळे मागा. ब्लॉक म्हणतात त्यांना. दुसऱ्या मतासाठी ते मागण्यात संकोच वाटायचं काही कारण नाही. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी प्रोस्टेटच्या स्लाइड्स रोज पाहणारे लोक आहेत, तिथे दाखवा. आणि ब्लॉक नेताना गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.

शिवाय विचारा: किती तुकडे घेतले, त्यातले उजवीकडचे किती, चौथ्या प्रकारची रचना किती टक्के.

---

अबोली | १७ जून, सकाळी ९.४०

कुळागर, माझ्या यजमानांचं रोबोटने ऑपरेशन झालं, चार वर्षं होतील. तेव्हा ते ६१ चे होते. तांबडी_मातीदादांची कळकळ कळते, पण 'काढून टाका' हे दोन शब्द बोलायला सोपे. पुढचं वर्ष कसं जातं तेही कुणीतरी सांगायला हवं.

लघवीची नळी आठ दिवसांनी काढली. त्यानंतर खोकला आला, वाकले, दुकानात पोतं उचललं की लघवी गळायची. सुरुवातीला दिवसाला पाच-सहा पॅड लागायचे. ते पिशवीत भरून कचऱ्यात टाकायला मी रात्री नऊनंतर बाहेर पडायचे, कारण शेजारणीने पाहिलेलं त्यांना सहन झालं नसतं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम रोज केले, फिजिओथेरपिस्टकडे गेलो. पाच महिन्यांनी एक पॅड, वर्षभराने शून्य. ताठरता मात्र पूर्वीसारखी परतली नाही. औषधाने थोडी. हे मी टोपणनावाने का होईना इथे लिहिते आहे, कारण आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पीएसए अजून नगण्य आहे. पुन्हा निवडायची वेळ आली तर तेच निवडू, त्यांचा आजार ४+३ होता. पण तुमच्या भाईंना हे सगळं आधी माहीत असायला हवं.

---

खाजन | १७ जून, दुपारी १.३०

मी डॉक्टर नाही. २२ वर्षं मासळी गोठवण्याच्या कारखान्यांत रेफ्रिजरेशन सांभाळतो. पण हे तंत्र माझ्या ओळखीचं निघालं, म्हणून लिहितो.

आम्ही इसवण किंवा सुंगटं होता होईल तेवढ्या वेगाने गोठवतो. का? सावकाश गोठवलं तर बर्फाचे खडे मोठे होतात, पेशींची आवरणं फाटतात आणि वितळल्यावर मासा पाणी सोडून पिचपिचीत होतो. एकदा वितळलेला मासा पुन्हा गोठवला तर विचारूच नका. आमचा सगळा खटाटोप पेशी शाबूत ठेवण्यासाठी. डॉक्टरांना इथे नेमकं उलट हवं असतं. पेशींच्या आजूबाजूला बर्फ झाला की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं, आतही बर्फ झाला की आवरण फुटतं, बारीक रक्तवाहिन्या गोठून बंद पडतात. म्हणून गोठवायचं, वितळू द्यायचं, आणि पुन्हा गोठवायचं. दोन फेऱ्या. उणे ४० अंशांपर्यंत नेतात म्हणजे खात्री होते.

आता गार कसं करतात. आग विझवायच्या नळकांड्यातून कार्बन डायॉक्साइड सोडला की तोंडाशी पांढरं हिम जमतं, ते बहुतेकांनी पाहिलं असेल. दाबाखालचा वायू बारीक भोकातून एकदम मोकळा झाला की थंड पडतो. ज्यूल-थॉमसन परिणाम. इथे आरगॉन वापरतात. सुई असते साधारण दीड मिलिमीटर जाडीची, आरगॉन तिच्या टोकाशी आतल्या आत मोकळा होतो आणि त्याच सुईतून परत येतो. शरीरात वायू जात नाही, फक्त थंडी जाते. काही यंत्रांत वितळवायला हेलियम सोडतात. तो खोलीच्या तापमानाला याच रीतीने मोकळा केला तर थंड न होता तापतो. एकच सुई, दोन वायू, एक गोठवतो, एक वितळवतो. मला तरी हे यंत्र बनवणाऱ्याला नमस्कार करावासा वाटला.

---

मोगरा_म्हापसा | १७ जून, दुपारी ३.०५

थोडं विषयांतर. माझे मिस्टर ५२ चे आहेत. लघवीचा काही त्रास नाही. त्यांनी पीएसए करावी का?

---

सूक्ष्मदर्शी | १७ जून, सायंकाळी ६.४०

मोगराताई, त्यांच्या वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांशी जरूर बोला. नसेल तरी पन्नाशीनंतर बोलायला हरकत नाही, फक्त आकडा वाढला म्हणून घाबरून जायचं नाही. वयानुसार ग्रंथी नुसती वाढली तरी पीएसए वाढते. लघवीचा संसर्ग असेल, नुकतीच नळी घातलेली असेल, तरी वाढते. आणि ग्रंथी लहान करायची फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर काही महिन्यांत आकडा निम्म्यावर येतो, म्हणजे ३ दिसतो तो खरा ६ च्या आसपासचा असतो. तपासणीच्या वेळी चालू असलेलं प्रत्येक औषध सांगायचं.

---

रेईश | १८ जून, पहाटे ५.१०

मी केलंय. वय आता ७३. सहा वर्षांपूर्वी मुलाकडे अमेरिकेत होतो तेव्हा झालं. उजवी बाजू गोठवली. सविस्तर लिहितो, घाई करत नाही.

भूल दिली होती. पाय वर बांधलेले. गुदद्वारातून सोनोग्राफीचा दांडा, आणि अंडकोष व गुदद्वार यांच्या मधल्या जागेतून सुया. माझ्यात चार घातल्या. मूत्रमार्गात एक नळी, तिच्यातून कोमट सलाइन सतत फिरवतात, म्हणजे मूत्रमार्ग गोठत नाही. मागच्या बाजूला, आतड्याच्या भिंतीजवळ, तापमान मोजणारी वेगळी सुई. हे सगळं मला नंतर डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. तो कागद अजून माझ्या फायलीत आहे.

बर्फाचा गोळा सोनोग्राफीत दिसतो, पण त्याची फक्त अलीकडची कड, चकचकीत पांढरी रेघ. पलीकडे सगळी काळी सावली. म्हणून पुढच्या सुया आधी चालू करतात आणि आतड्याजवळच्या शेवटी. आणि ती पांढरी रेघ म्हणजे शून्य अंश. पेशी खात्रीने मरतात ते उणे ४० त्या रेघेच्या काही मिलिमीटर आत असतं. तेव्हा बर्फ गाठीच्या बरोबरीने येऊन थांबला तर उपयोग नाही, गाठ ओलांडून पुढे जायला हवा.

त्रास झाला का? झाला. मदतकक्षातल्या बाईंना नीट माहिती नसावी. नळी सात दिवस. अंडकोष सुजून काळेनिळे. लघवी करताना जळजळ तीन आठवडे. दोनदा लघवीतून मेलेल्या मांसाचे पापुद्रे पडले, आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. गळती एक दिवसही नाही. पुरुषी शक्ती पाच-सहा महिन्यांत परत आली, पूर्वीपेक्षा थोडी उणी.

आता मुद्द्याचं. तीन वर्षांनी डाव्या बाजूला, जिथे हात लावला नव्हता तिथे, ३+४ सापडला. तो तीन वर्षांत नवा उगवला की आधीपासून होता? माझे डॉक्टर प्रामाणिक होते. ते म्हणाले, बहुधा होता, आपण नीट शोधला नाही. माझ्या पहिल्या बायोप्सीत डावीकडून चारच तुकडे घेतले होते. मग रेडिएशन घेतलं. आज ठीक आहे.

म्हणून कुळागर, यंत्र कुठल्या कंपनीचं हे विचारू नका. उजवी बाजू किती नीट पाहिली आहे, ते विचारा.

---

घुमट | १८ जून, सकाळी ८.२२

रेईशकाका, असं कुणी लिहीत नाही हो. मनापासून आभार.

माझा ३+३ आहे, म्हणजे सगळ्यात सौम्य. पाच वर्षं काहीच उपचार घेतलेले नाहीत. दर सहा महिन्यांनी पीएसए, मध्ये दोन एमआरआय, दोनदा बायोप्सी. याला सक्रिय देखरेख म्हणतात. सुरुवातीला प्रत्येक रिपोर्टच्या आदल्या रात्री झोप नसायची. आता असते.

इंग्लंडातला प्रोटेक्ट नावाचा अभ्यास जरूर माहीत करून घ्या. १,६४३ पुरुष, चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले: देखरेख, शस्त्रक्रिया, रेडिएशन. १५ वर्षांचे निकाल २०२३ साली आले. प्रोस्टेटच्या कॅन्सरने तिन्ही गटांत मिळून ४५ जण दगावले, म्हणजे शंभरात तीनही नाहीत, आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नाही.

---

तांबडी_माती | १८ जून, सकाळी ९.०१

घुमटबाब, त्याच अभ्यासातलं पुढचंही लिहा. देखरेखीच्या गटात आजार दूर पसरलेले ९.४ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ४.७. दुप्पट. जिवंत आहेत, पण हाडात पसरलेला कॅन्सर घेऊन जगणं काय असतं ते मी काकांच्या खोलीत पाहिलंय.

---

घुमट | १८ जून, सकाळी ९.३०

खरं आहे. लिहायला हवं होतं.

---

अबोली | १८ जून, सकाळी १०.१५

तांबडी_मातीदादा, तुमच्या काकांचं वाचून जीव हळहळला. पण त्यांचा आजार सापडला तेव्हाच पसरलेला होता. भाईंचा ग्रंथीतच आहे. दोघांना एका मापाने मोजलं तर भाईंवर अन्याय होईल.

---

सांगे_ते_पणजी | १९ जून, रात्री ८.४५

खर्चाबद्दल. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांना चार लाख अशी मर्यादा आहे. पण कार्ड आहे म्हणजे सगळं बसतं असं नाही. ठरावीक उपचारांची यादी असते आणि रुग्णालयही यादीतलं लागतं. खासगी विमा असेल तर या उपचाराचं नाव लिहून आधीच पत्र घ्या. तोंडी 'होईल हो' वर विसंबू नका. माझ्या सासऱ्यांच्या वेळी डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर तीन तास उभे होतो.

---

कुळागर | १२ जुलै, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला. स्लाइड्स आणि ब्लॉक घेऊन कोकणकन्येने मुंबईला जाऊन आलो. डबा मांडीवर ठेवून करमळी ते दादर. पावसाळी वेळापत्रकामुळे गाडी आधीच संथ, त्यात झोप आली नाही.

दुसरं मत आलं: ३+४, चौथ्या प्रकारची रचना साधारण १० टक्के, गट २. सूक्ष्मदर्शी, तुमच्यामुळे कळलं. आणि रेईशकाका, तुमची पोस्ट छापून डॉक्टरांपुढे ठेवली. पहिल्या बायोप्सीत उजवीकडून फक्त तीन तुकडे होते. त्यांनी स्वतःच मान्य केलं की एवढ्यावर उजवी बाजू स्वच्छ म्हणता येणार नाही. आता पुढच्या आठवड्यात पुन्हा बायोप्सी, या वेळी गुदद्वारातून नव्हे तर खालच्या त्वचेतून, संपूर्ण ग्रंथीचा नकाशा काढल्यासारखी.

भाई काय म्हणाले तेही लिहितो. सध्या पावसात सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी पोफळींवर बोर्डो मिश्रणाची फवारणी चालू आहे. पावसाने उघडीप दिली की माणसं वर चढतात. भाई खाली पिंपात मोरचूद आणि चुना ढवळत होते, हात निळे झालेले. मी एमआरआयचं समजावत होतो. ते म्हणाले, "एका शिपुटाला (सुपारीच्या घडाला) कोळे लागली म्हणून आपण पोफळ तोडीत नाही. पण शेजारची शिपुटं खालून बघून 'बरी आहेत' म्हणणारा गडी मला चालत नाही. त्याने वर चढायला हवं."

---

सूक्ष्मदर्शी | १२ जुलै, रात्री १०.३०

भाईंना माझा नमस्कार सांगा. फक्त एक फरक त्यांच्या कानावर घाला. प्रोस्टेटचा कॅन्सर बऱ्याचदा ग्रंथीत एकाहून अधिक जागी असतो. फोकल उपचाराची सगळी मांडणी या समजावर उभी आहे की त्यांतली सर्वांत मोठी, जास्त बिघडलेल्या रचनेची गाठ हीच पुढे त्रास देते. त्याला पुष्कळ आधार आहे, पण प्रत्येक माणसाच्या बाबतीत हमी नाही.

---

खाजन | १३ जुलै, दुपारी २.००

वाचता वाचता थोडा इतिहास सापडला. १८४०-५० च्या दरम्यान जेम्स अर्नॉट नावाचे ब्रिटिश डॉक्टर बर्फ आणि मीठ एकत्र करून कॅन्सरच्या गाठींवर लावत असत. आम्ही लहानपणी हाताने फिरवायच्या भांड्यात आइस्क्रीम करायचो तेच मिश्रण. १९६० च्या दशकात अमेरिकेत द्रव नायट्रोजनने प्रोस्टेट गोठवायला लागले, पण बर्फ कुठपर्यंत पोचला ते दिसत नसे. आतडं आणि मूत्रमार्ग यांच्यात भगदाडं पडली, मूत्रमार्गाची मांसं झडली, आणि पद्धत मागे पडली. सोनोग्राफीने बर्फ दिसू लागला तेव्हा १९९० च्या दशकात ती परत आली. पाहता येणं, एवढ्यानेच हा उपचार माणसात आला.

---

कुळागर | २७ जुलै, रात्री ११.१५

रिपोर्ट आला. डावीकडे तोच ३+४. उजवीकडे १२ तुकड्यांपैकी एकात ३+३, एक मिलिमीटर.

आता काय?

---

तांबडी_माती | २७ जुलै, रात्री ११.२८

दोन्हीकडे आहे. मग प्रश्न मिटला. काढा.

---

सूक्ष्मदर्शी | २८ जुलै, सकाळी ७.००

मिटला नाही. ३+३ हा प्रकार दूर पसरणं अतिशय दुर्मीळ. घुमट पाच वर्षं तोच घेऊन जगत आहेत. एवढासा ३+३ दुसऱ्या बाजूला ठेवून, मोठी गाठ गोठवून, बाकीच्यावर देखरेख ठेवणं हे बरीच केंद्रं करतात.

पण मला दुसरी बाजूही तितक्याच जोराने मांडायला हवी. युरोपातल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेची भूमिका अशी की फोकल उपचार अभ्यासाचा भाग म्हणून किंवा नीट नोंदी ठेवल्या जातात तिथेच करावेत. अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वं मध्यम जोखमीच्या रुग्णांसाठी विचार करू देतात, पण शस्त्रक्रिया-रेडिएशनशी तुलना करणारा भक्कम पुरावा नाही हे रुग्णाला सांगायला लावतात. जास्त जोखमीच्या रुग्णाला करूच नये म्हणतात. भाई मध्यम जोखमीत, त्यातही बऱ्या बाजूला बसतात. म्हणजे त्यांच्यासमोर चार दारं खरोखर उघडी आहेत: देखरेख, गोठवणं, रेडिएशन, शस्त्रक्रिया. कुठल्याही दाराला मी चूक म्हणणार नाही.

---

रेईश | २८ जुलै, सकाळी ७.४०

कुळागर, भाईंना स्वतःला काय हवंय ते कुणी विचारलंय का? धागाभर आपण सगळे बोलतोय, त्यांचं एकच वाक्य आलंय, तेही पोफळींचं. मुलासमोर बाप सगळं बोलत नाही. मी तुम्हाला खासगी निरोप पाठवलाय. त्यांची इच्छा असेल तर मी फोंड्याला येऊन भेटतो.

---

कुळागर | १ ऑगस्ट, रात्री १०.०५

काल रेईशकाका घरी आले. दोघं पडवीत दोन तास बसले. आईने दोनदा चहा पाठवला, तो मी दारातच ठेवून परत फिरलो. काका गेल्यावर भाईंनी मला हाक मारली.

गेली ३० वर्षं ते आमच्या देवळात सोमवारच्या भजनाला मांडी घालून पखवाजावर बसतात. दोन-अडीच तास उठत नाहीत. अबोलीताईंचं पॅडचं मी त्यांना जूनमध्ये वाचून दाखवलं होतं. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच होतं, की देवळात बसलो असताना कपडे भिजले तर. मला एका शब्दाने बोलले नव्हते. आणि दुसरं काहीतरी होतं, ते त्यांनी काकांना सांगितलं आणि काकांनी मला सांगितलं नाही. मी विचारणारही नाही.

रेडिएशनसाठी महिनाभर रोज जाणं त्यांना जड वाटत नाही. पण ते म्हणाले, "काकांना पुढे लागलं तेव्हा रेडिएशन मिळालं. मग मलाही मिळेल. आधी गोठवू."

मी डॉक्टरांना विचारलं. गोठवल्यानंतर रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया करता येते, मात्र शस्त्रक्रिया आधीपेक्षा कठीण होते. भाईंच्या गाठीजवळून ताठरतेचा डावा मज्जातंतू जातो, तो गोठणार. उजवा राहील. हे त्यांनी कागदावर लिहून दिलं, मी मागितल्यावर.

६ ऑगस्टची तारीख आहे.

---

अबोली | १ ऑगस्ट, रात्री १०.२०

माझ्या लिहिण्याने भाईंच्या मनाला घोर लागला असेल तर वाईट वाटतं. पण लिहिलं याचं वाईट वाटत नाही. सैल सुती पायजमे घेऊन ठेवा, नाडीचे. इलॅस्टिकचे नकोत, नळी दाबली जाते.

---

पोदेर | ६ ऑगस्ट, सकाळी ६.००

आज आहे ना? सगळं सुरळीत होऊ दे.

---

कुळागर | १५ ऑगस्ट, दुपारी ४.३०

झालं. तीन सुया. दीड तासाच्या आसपास आत होते. भुलीतून बाहेर आल्यावर पहिलं वाक्य: "जन्मभर विहिरीच्या थंड पाण्याने आंघोळ केली, आता आतूनही झाली." शेजारच्या खाटेवरचे काका पण हसले.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं हे खरं, पण घरी म्हणजे दादरला मामेभावाकडे. नळीसह रेल्वेने यायला डॉक्टरांनी नको म्हटलं. अंडकोष रेईशकाकांनी लिहिलं तसेच सुजले, तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त. टॉवेलची गुंडाळी खाली आधाराला ठेवायची, ती युक्ती नर्सने दाखवली, तिने बराच आराम पडला. पिशवी मी रिकामी करत होतो. पहिल्या दिवशी भाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. चौथ्या दिवशी स्वतःच सांगायला लागले, "अर्धी झाली बघ."

सहाव्या दिवशी नळी काढली. पाणी पिऊन दोन तास बसवलं. न झाल्यास पुन्हा घालावी लागेल म्हणाले होते. मी दाराबाहेर उभा. आधी काहीच आवाज नाही, मग थेंब-थेंब, मग धार. खूप जळजळ झाली, पण झाली. सोनोग्राफीत मूत्राशय जवळजवळ रिकामं.

काल गोव्यात पोचलो.

---

तांबडी_माती | १५ ऑगस्ट, सायंकाळी ५.१०

माझं मत बदललेलं नाही. पण भाई घरी आले, डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या तपासण्या चुकवू नका, एवढं ऐक माझं.

---

घुमट | १५ ऑगस्ट, रात्री ८.००

पीएसए किती यायला हवी आता? ग्रंथी काढली तर नगण्य होते, रेडिएशननंतर तळाला जाऊन तिथून २ ने वाढली तर धोक्याची घंटा. इथे काय?

---

सूक्ष्मदर्शी | १५ ऑगस्ट, रात्री ९.१५

इथे सर्वमान्य आकडाच ठरलेला नाही, घुमट. उरलेली निरोगी ग्रंथी पीएसए बनवतच राहणार. खाली यायला हवी, आणि मग वर चढत जायला नको. पण नुसत्या पीएसएवर विसंबायचं नाही. वर्षभराने एमआरआय आणि बायोप्सी, दोन्ही बाजूंची. आकडा सुंदर आला म्हणून ती बायोप्सी टाळणारे लोक मी पाहिलेत. कुळागर, भाईंकडून आत्ताच कबूल करून घ्या.

---

कुळागर | ३ सप्टेंबर, रात्री ९.००

कबूल करून घेतलंय. आईच्या समोर.

जळजळ जवळपास गेली. गळती नाही. रात्री अजून दोनदा उठतात. या सोमवारी भजनाला गेले. खाली मऊ उशी घेतली होती आणि मी मागच्या खांबाला टेकून बसलो होतो, पिशवीत एक जादा पायजमा घेऊन. अडीच तास. पायजमा लागला नाही.

पहिली पीएसए नोव्हेंबरमध्ये. आकडा इथेच लिहीन.

---

रेईश | ४ सप्टेंबर, पहाटे ५.२५

पखवाज कसा वाजला ते लिहिलं नाहीस.

---

कुळागर | ४ सप्टेंबर, सकाळी ७.१०

पहिला अभंग जरा हलक्या हाताने. नंतर नेहमीसारखा.